शेवटच्या किलोची किंमत

सरकारी अन्न अनुदानावरचा वाद बहुतेक वेळा दोन तक्रारींभोवती फिरतो. पहिली तक्रार अशी की, स्वस्त धान्य मिळू लागले की लोक गरजेपेक्षा जास्त उचलतात, त्यामुळे मागणी फुगते आणि बाकीच्यांना महागाई सोसावी लागते. दुसरी तक्रार नेमकी उलट्या टोकाची : एवढा खर्च करूनही लोकांच्या खाण्यात फरक पडत नाही, वाचलेला पैसा भलतीकडेच जातो, मग हे अनुदान द्यायचे तरी कशाला? गंमत अशी की, एकच वक्ता एकाच भाषणात या दोन्ही तक्रारी करताना आढळतो आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. खाण्यात फरकच पडत नसेल, तर मागणी फुगणार कशी? माझ्या मते दोन्ही तक्रारी अनुदानाकडे चुकीच्या बाजूने पाहतात. ज्या कुटुंबांना ठरावीक प्रमाणात स्वस्त धान्य मिळते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने ते अन्नाच्या रूपात घरी आलेले उत्पन्न असते, आणि उत्पन्न म्हणूनच त्याची पारख व्हायला हवी. किती धान्य जास्त खाल्ले गेले, या मापाने मोजायला गेले तर चांगली योजना नापास ठरते आणि वाईट योजनेला शाबासकी मिळते.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. त्याला महिन्याला ४० किलो धान्य लागते. बाजारभाव किलोला ३० आहे. चलन कोणतेही धरा. सरकार या कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य ५ या भावाने देते. म्हणजे किलोमागे २५ प्रमाणे महिन्याला ६२५ वाचतात. उरलेले १५ किलो मात्र पूर्वीसारखेच बाजारातून, ३० या भावानेच आणावे लागतात. आता या घराने एकेचाळिसावा किलो घ्यायचा की नाही, याचा निर्णय कोणत्या भावावर होईल? अर्थातच ३० या भावावर. सवलतीचा भाव पहिल्या २५ किलोंपुरता आहे, शेवटच्या किलोला तो लागूच नाही. अर्थशास्त्रात ज्याला सीमान्त किंमत म्हणतात, ती जागची हललेली नाही. त्यामुळे ‘धान्य स्वस्त झाले म्हणून जास्त खाल्ले’ हा परिणाम इथे होण्याचे कारणच उरत नाही. हातात ६२५ अधिक आले, एवढाच फरक पडला, आणि ते दूध, भाजी, औषधे, शाळेची फी, जुने देणे अशा अनेक वाटांनी खर्च होतात. त्याच वेळी खुल्या बाजारातली या घराची धान्याची मागणी मात्र ४० किलोंवरून १५ किलोंवर आली, कारण बाकीचे २५ किलो सरकारी दुकानातून येऊ लागले.

आता कोटा २५ ऐवजी ५० किलोंचा केला तर चित्र पालटते. गरज ४० किलोंची, हक्क ५० किलोंचा. मग शेवटच्या किलोची किंमत ५ होते. घर थोडे जास्त धान्य वापरेल, थोडे जनावरांपुढे टाकेल किंवा उरलेले दहा किलो बाजारभावापेक्षा काहीशा कमी दराने विकून टाकेल. शिधा विकला जातो अशी ओरड होते तेव्हा ती विक्री बहुधा याच गणितातून झालेली असते : धान्यापेक्षा पैशाची गरज मोठी असलेले कुटुंब, थोडा तोटा सोसून का होईना, धान्याचे पैशात रूपांतर करून घेते. त्यात अनीती शोधण्यापेक्षा कोटा गरजेच्या किती जवळ आहे, हे तपासणे अधिक उपयोगाचे. हर्मन साउथवर्थ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९४५ साली ही मांडणी नीटपणे केली. त्यानंतर जवळजवळ आठ दशके या विषयावरचे सगळे संशोधन तिच्याशीच झगडत आले आहे.

साउथवर्थ यांच्या आधीच अमेरिकेच्या कृषी खात्याला ही अडचण उमगली होती, असे त्या देशाच्या पहिल्या अन्न कूपन योजनेच्या रचनेवरून दिसते. मे १९३९ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात ती सुरू झाली. मंदीने हातात पैसा नसलेली कुटुंबे एका बाजूला आणि न खपणारा शेतमाल दुसऱ्या बाजूला, असा तो काळ होता. कुटुंबाने अन्नावर नेहमी जेवढा खर्च व्हायचा, तेवढ्या रकमेची नारिंगी कूपने स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची आणि प्रत्येक डॉलरच्या नारिंगी कूपनांमागे ५० सेंटची निळी कूपने फुकट मिळायची. निळी कूपने फक्त सरकारने ‘शिल्लक’ म्हणून जाहीर केलेल्या मालावर चालत. नेहमीचा खर्च आधीच नारिंगी कूपनांत अडकवून ठेवल्यामुळे निळ्या कूपनांतून झालेली खरेदी ही खरोखरच वाढीव ठरत होती. शेतमालाची मागणी वाढवायची असेल, तर ती अशा काटेकोरपणेच वाढवावी लागते. केवळ स्वस्त धान्य वाटून ती वाढत नाही.

ती योजना १९४३ मध्ये बंद पडली. १९६४ च्या कायद्याने अन्न कूपने पुन्हा आणली, तेव्हाही आधी पैसे भरण्याची अट कायम होती. या अटीचा फटका कोणाला बसला? ज्यांच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला रोख रक्कमच नसे, त्या अगदी तळाच्या कुटुंबांना. मागणी वाढवण्याच्या दृष्टीने अट अचूक होती, पण ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज होती त्यांनाच ती दाराबाहेर ठेवत होती. १९७७ च्या कायद्याने ती काढून टाकली. मला या बदलात फार मोठा अर्थ दिसतो. त्या दिवसापासून योजना शेतमाल खपवण्याचे साधन उरली नाही, ती कुटुंबाला आधार देणारी योजना बनली. पण तिच्याविषयीचे बोलणे मात्र दोन्ही उद्देश एकाच वेळी साधले जात असल्यासारखेच चालू राहिले. आजही अनेक देशांत शेतकऱ्याला भाव आणि गरिबाला अन्न ही दोन उद्दिष्टे एकाच योजनेच्या गळ्यात बांधली जातात, आणि ती एकमेकांना ओढाताण करू लागली की दोष लाभार्थ्यांच्या सवयींना दिला जातो.

इथे एका आक्षेपाचे उत्तर द्यायला हवे, कारण तो खरोखर वजनदार आहे. माणसे साउथवर्थच्या गणिताप्रमाणे वागत नाहीत, असा तो आक्षेप. जस्टिन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका किराणा साखळीच्या ग्राहकांचे व्यवहार तपासले. अन्न मदतीचा प्रत्येक डॉलर मिळू लागल्यावर अन्नावरचा खर्च ५० ते ६० सेंटनी वाढत होता. तेवढीच रोख रक्कम वाढली असती, तर ही वाढ दहा सेंटच्या आसपासच राहिली असती. म्हणजे पैसा कोणत्या नावाने घरात आला, याला महत्त्व आहे. ‘हे खाण्याचे’ म्हणून आलेली मदत माणूस मनात वेगळ्या कप्प्यात ठेवतो. शिवाय घरात धान्यावर आणि रोख रकमेवर एकाच व्यक्तीचा ताबा असतो, असेही नाही. धान्य स्वयंपाकघरात जाते, रोख रक्कम कोणाच्याही खिशात जाऊ शकते. तेव्हा ‘अनुदान म्हणजे निव्वळ उत्पन्न’ हे विधान तसेच्या तसे टिकत नाही, ही दुरुस्ती मी मान्य करतो. पण तिचा आवाकाही नेमका ओळखला पाहिजे. अर्ध्याहून थोडे अधिक अन्नाकडे गेले तरी उरलेले इतरत्र गेलेच. आणि अन्नाकडे गेलेला पैसा धान्याकडेच गेला, असे तर मुळीच म्हणता येत नाही.

अन्नावरचा खर्च वाढणे आणि पोटात जास्त उष्मांक जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधील कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवले की, उत्पन्न वाढते तसा अन्नाचा खर्चातील वाटा कमी होतो. त्याच्या पुढचा धागा शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन यांच्या १९९६ मधील अभ्यासात सापडतो. त्यांनी १९८३ च्या पाहणीतील ग्रामीण महाराष्ट्राच्या कुटुंबांचे आकडे घेतले होते. एकूण खर्च दहा टक्क्यांनी वाढला की अन्नावरचा खर्च साधारण साडेसात टक्क्यांनी वाढत होता, पण त्यातला निम्माच भाग अधिक उष्मांकांच्या रूपाने येत होता. उरलेला निम्मा भाग अधिक महाग उष्मांकांवर जात होता : भरड धान्याऐवजी गहू-तांदूळ, धान्याऐवजी डाळ, दूध, साखर. पोट भरण्याची सोय होताच माणूस चवीकडे आणि विविधतेकडे वळतो, आणि हे वळण आपण समजतो त्यापेक्षा बरेच आधी, बऱ्याच गरिबीतच सुरू होते. भारताच्या ग्रामीण भागात १९८३ मध्ये दरडोई रोज सुमारे २,२४० उष्मांक घेतले जात होते. २००४-०५ मध्ये ते २,०५० च्या आसपास आले, आणि या काळात लोकांचा खरा खर्च तर वाढला होता. डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये हे कोडे मांडले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. अंगमेहनत कमी झाली, आजारपण घटले, की अन्य खर्चांनी अन्नाला मागे ढकलले, याचा निकाल अजून लागलेला नाही. तरी पैसा आला की उष्मांक वाढतातच, हे गृहीतक मात्र त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

या बाबतीतला सर्वांत बोलका प्रयोग चीनमध्ये झाला. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी २००६ मध्ये हुनान आणि गान्सू या दोन प्रांतांतील गरीब शहरी कुटुंबांना पाच महिने मुख्य धान्यावर सवलतीची कूपने दिली. हुनानमध्ये तांदळावर, गान्सूमध्ये गव्हावर. कोणत्या घराला किती सवलत मिळणार, हे चिठ्ठी टाकून ठरवले होते, त्यामुळे फरक सवलतीचाच, हे खात्रीने सांगता येत होते. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाल्यावर कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ला. कारण समजायला कठीण नाही. ज्या घराचा बहुतेक आहार भाताचा आहे, त्या घराला भात स्वस्त होणे म्हणजे पगारवाढच; त्या वाढीतून ते थोडे मांस किंवा मासे आणते आणि तेवढा भात ताटातून कमी होतो. किंमत घटली की मागणी घटते, अशा वस्तूंना पाठ्यपुस्तकांत गिफेन वस्तू म्हणतात. सुमारे शंभर वर्षे त्यांचा खात्रीलायक पुरावा मिळत नव्हता. त्यातही एक बारकावा होता : अगदी तळाच्या, भाताखेरीज काही परवडतच नसलेल्या घरांत हा परिणाम दिसला नाही आणि तुलनेने बऱ्या स्थितीतल्या घरांतही दिसला नाही, तो मधल्या थरात दिसला. २०११ मध्ये याच प्रयोगावर त्यांनी दुसरा निबंध लिहिला. अनुदानाने पोषण सुधारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हा निष्कर्ष अनुदानाच्या विरोधकांना फार आवडतो. मला त्यातून दुसरेच काही दिसते. महिन्यातून काही वेळा ताटात मासा येणे ही त्या घराच्या दृष्टीने सुधारणाच होती. ती उष्मांकांच्या तक्त्यात मावली नाही, एवढेच. जो धोरणकर्ता स्वतःच्या जेवणाचे माप उष्मांकांत घेत नाही, त्याने गरिबाच्या जेवणाचे ते घेऊ नये. तरीही ‘आमची योजना कुपोषण घटवते’ असा दावा करून जो पैसा मागतो, त्याला मात्र हा प्रयोग अडचणीत आणतो, आणि आणायलाच हवा.

भारतातले पुरावे या बाबतीत एकाच दिशेने बोलत नाहीत. नीरज कौशल आणि फेलिक्स मुचोम्बा यांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार, सवलत वाढल्यावर कुटुंबांनी सवलतीचा गहू-तांदूळ जास्त आणि भरड धान्य कमी खाल्ले. एकूण पोषणात फरक पडला नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतरच्या काळावरील श्रीनिवास, बेलिस आणि क्रॉस्ट यांच्या अभ्यासात मात्र सवलत वाढल्यावर आहारात विविधता आल्याचे आणि मुलांमधील वाढ खुंटण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते. पण सवलतीचा पोषणावरील परिणाम धान्यातून येतच नसेल, वाचलेल्या पैशातून विकत आणलेल्या दुसऱ्या पदार्थांतून येत असेल, तर तो परिणाम बचत किती मोठी आणि ते दुसरे पदार्थ जवळच्या बाजारात मिळतात का, यावर अवलंबून राहणार. दोन अभ्यासांतील काळ, प्रदेश आणि सवलतीचे प्रमाण वेगळे असल्यावर उत्तरे वेगळी येण्यात नवल नाही. भरड धान्याच्या बाबतीत मात्र मी कौशल-मुचोम्बा यांच्याकडे झुकतो. फक्त दोनच धान्यांना सवलत दिली की तिसऱ्याची किंमत न वाढताही ते तुलनेने महाग होते. काही वर्षांत ते शिजवण्याची सवय मोडते, मग पेरण्याचीही.

आतापर्यंत ठरावीक कोट्याविषयी बोललो. कोटाच नसेल, ज्याला हवे तेवढे सवलतीने मिळत असेल, तर शेवटच्या किलोची किंमतच पडते आणि मग मागणी खरोखर फुगते. इजिप्तची ‘बलदी’ भाकरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती पाच पियास्त्रांना (पियास्त्र म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) मिळत असे, आणि तिच्या पिठाच्या व गव्हाच्या प्रत्येक टप्प्यावर सरकारचा पैसा होता. पशुखाद्यापेक्षा भाकरी स्वस्त झाल्यावर ती कोंबड्या-गुरांना घातली जाऊ लागली. सवलतीचे पीठ काळ्या बाजारात जाऊ लागले. गव्हाच्या आयातीत तो देश जगात अग्रक्रमावर राहिला, त्यामागे लोकसंख्या आणि पाण्याची टंचाई ही कारणे आहेतच, पण या भावाचाही वाटा नाकारता येत नाही. २०१४ मध्ये तिथे स्मार्ट कार्ड आले : माणशी रोज पाच भाकऱ्या, आणि न घेतलेल्या भाकऱ्यांच्या बदल्यात दुसऱ्या वस्तू घेण्यासाठी गुण. या छोट्याशा बदलाचे मला विशेष कौतुक वाटते. कागदावर भाकरीचा भाव तोच राहिला, पण न घेतलेल्या भाकरीलाही मोल आल्यामुळे शेवटच्या भाकरीची खरी किंमत वाढली. लोकांना उपदेश न करता वाया जाणारी मागणी आटोक्यात आणण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही.

बाजारभावाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण सरकार वाटण्यासाठी धान्य कुठून आणते यावर सगळे ठरते. सरकारने देशातल्या बाजारातून दहा लाख टन धान्य उचलले आणि तेवढेच वाटले, असे समजू. लाभार्थ्यांनीही आपली बाजारातील खरेदी बरोबर दहा लाख टनांनी घटवली, तर पुरवठा आणि मागणी दोन्ही सारखीच कमी होऊन भाव जागेवर राहील. त्यांनी ती आठ लाख टनांनीच घटवली, म्हणजे दोन लाख टन धान्य पूर्वी न खाणाऱ्यांच्या पोटात गेले, तर खुल्या बाजारात दोन लाख टनांची तूट येऊन योजनेबाहेरच्या माणसाला जास्त भाव द्यावा लागेल. ती किंमत मोजण्याजोगी आहे, कारण भुकेल्याच्या पोटात धान्य गेले. पण सरकारने उचललेले धान्य वाटलेच नाही, गोदामात साठवले, तर? भारतात जुलै २००२ मध्ये केंद्रीय साठा सुमारे ६ कोटी ३० लाख टनांवर गेला होता. त्या महिन्याचा राखीव साठ्याचा निकष २ कोटी ४३ लाख टनांचा होता. बाजारातून काढून घेतलेले हे जास्तीचे धान्य कोणीच खात नव्हते, पण भाव मात्र सगळ्यांना वाढीव द्यावा लागत होता, आणि त्यात शिधापत्रिका नसलेला गरीबही आला. त्या महागाईचे खापर ‘गरिबांना वाटलेल्या धान्या’वर फोडणे हा शुद्ध अन्याय आहे. वाटल्यामुळे नव्हे, न वाटल्यामुळे भाव चढले होते.

धान्य बाहेरून आणून वाटले, तर परिणाम उलटा होतो. मेक्सिकोत २००३ नंतर सुमारे दोनशे गावांत एक प्रयोग झाला : काही गावांना रोख रक्कम, काहींना मक्याचे पीठ, तांदूळ, घेवडा, तेल, दूध पावडर अशा वस्तूंची पेटी, आणि काहींना काहीच नाही. जेसी कुन्हा, ज्याकोमो दे जॉर्जी आणि सीमा जयचंद्रन यांना असे आढळले की, रोख रकमेच्या तुलनेत पेट्या मिळालेल्या गावांत या वस्तूंचे भाव सुमारे चार टक्क्यांनी कमी राहिले, आणि दूरच्या, रस्त्यांनी नीट न जोडलेल्या गावांत हा फरक अधिक ठळक होता. कारण उघड आहे. अशा गावात दुकाने एक-दोनच असतात. लोकांच्या हाती पैसा आला म्हणून माल वाढत नाही, भाव वाढतो. पेटी येते ती मागणी घटवते आणि पुरवठा वाढवते. मदत न मिळालेल्या शेजाऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो, मात्र त्याच गावात धान्य पिकवून विकणाऱ्याचे नुकसान होते. फिलिपिन्समधील रोख मदत योजनेच्या अभ्यासात याचीच दुसरी बाजू दिसली : ज्या खेड्यांत बहुसंख्य घरांना रोख रक्कम मिळाली, तिथे अंड्यांसारख्या नाशवंत, प्रथिनयुक्त पदार्थांचे भाव चढले आणि योजनेत नसलेल्या घरांतील लहान मुलांची वाढ खुंटण्याचे प्रमाण वाढले. एका घराची भूक भागवताना शेजारच्या घराची भूक वाढवणारी मदत हिशेबाच्या वहीत यशस्वीच दिसते, कारण त्या वहीत शेजाऱ्यासाठी रकानाच नसतो.

म्हणून ‘धान्य की रोख’ हा प्रश्न तत्त्वाचा म्हणून लढवला जातो, तेव्हा मला कंटाळा येतो. तो बराचसा अंतराचा प्रश्न आहे. शहराजवळ, जिथे दहा दुकाने आणि रोज येणारा माल आहे, तिथे रोख रक्कम किंवा कूपन भाव न वाढवता काम करील, गोदाम आणि वाहतुकीचा खर्च वाचेल. इंडोनेशियाने सवलतीचा तांदूळ बंद करून इलेक्ट्रॉनिक कूपने आणली, तेव्हा १०५ जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने केलेल्या या बदलाचा अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना, बेन ओल्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. नेमलेल्या घरांना मिळणारी मदत ४६ टक्क्यांनी वाढली आणि सर्वांत गरीब घरांतील दारिद्र्य लक्षणीय घटले. पूर्वी गावात तांदूळ आला की तो सगळ्यांत थोडाथोडा वाटला जाई. कार्डावरचे कूपन तसे वाटता येत नव्हते. मात्र दूरच्या जिल्ह्यांत तांदळाचा भाव थोडा चढल्याचेही त्यांनीच नोंदवले आहे.

रोख रकमेच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट नेहमी विसरतात : पैसा झिजतो, किलो झिजत नाही. श्रीलंकेने १९७९ मध्ये शिध्याचा तांदूळ बंद करून अन्न कूपने दिली. कूपनांवरची रक्कम ठरलेली होती, महागाई वाढत गेली, आणि काही वर्षांतच त्यांची खरेदीशक्ती निम्म्यावर आली. कोणत्याही सरकारने अनुदान कापल्याची घोषणा न करता ते कापले गेले. धान्याच्या कोट्याचे असे होत नाही. भाव चढला की त्या २५ किलोंचे मोल आपोआप वाढते. वरच्या उदाहरणातील बाजारभाव ३० वरून ४० झाला, तर कुटुंबाची बचत ६२५ वरून ८७५ होते. भाववाढीच्या वर्षी सगळ्यात जास्त आणि स्वस्ताईच्या वर्षी सगळ्यात कमी मदत देणारी ही व्यवस्था म्हणजे विमाच आहे, आणि शिध्याचा हा विम्यासारखा गुण भारतातील घरांच्या आकड्यांवरूनही अभ्यासकांनी अलीकडे दाखवून दिला आहे. सरासरी वर्षातील सरासरी उपभोग मोजणाऱ्या पाहणीत हा गुण दिसत नाही. ज्याच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग खाण्यावर जातो, त्याला सरासरीपेक्षा वाईट महिन्याची काळजी अधिक असते.

रोख रक्कम भावाशी जोडावी, असे उत्तर यावर दिले जाते. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण रक्कम कोणत्या निर्देशांकाशी, किती महिन्यांच्या उशिराने जोडायची, हे ठरवणारे लोक आणि दर महिन्याला दुकानात जाणारे लोक एक नसतात, आणि भाव चढतात तेव्हाच तिजोरीवरही ताण असतो. जिथे हा निर्णय दर अर्थसंकल्पात नव्याने घ्यावा लागतो, तिथे मी किलोच्या बाजूने मत देईन.

अनुदान काढून घेणे म्हणजे ते देण्याची उलटी क्रिया, असे मानणे ही आणखी एक सोयीची चूक आहे. जानेवारी १९७७ मध्ये इजिप्त सरकारने पीठ, तांदूळ, तेल यांवरची सवलत एकदम कमी केली. दोन दिवसांच्या दंगलीत सत्तरहून अधिक माणसे मेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. जून २०२४ मध्ये त्याच देशाने भाकरीचा भाव पाचवरून वीस पियास्त्र केला. कार्डावरचा कोटा तसाच ठेवला होता, आणि तसा उद्रेक झाला नाही. दोन प्रसंगांत राजवटही वेगळी होती, काळही वेगळा होता, त्यामुळे सगळे श्रेय कोट्याला देता येणार नाही. तरी एक गोष्ट बाजाराच्या गणितातून सरळ निघते. कोटा बंद होतो, तेव्हा कुटुंबाचे ६२५ जातात. शिवाय ज्या २५ किलोंसाठी ते आजवर बाजारात येत नव्हते, त्यांच्यासाठी ते आणि त्याच्यासारखी लाखो कुटुंबे एकाच महिन्यात बाजारात उतरतात. ३० चा भाव ३० राहत नाही. मंत्रालयात बचतीचा हिशेब जुन्या भावाने मांडलेला असतो, घराघरांत तुटीचा हिशेब नव्या भावाने होतो. ज्या सरकारला हे अनुदान आटोपते घ्यायचे आहे, त्याने आधी गोदामातला साठा खुल्या बाजारात सोडावा, भाव खाली येऊ द्यावा, आणि मगच कोट्याला हात लावावा. बहुतेक सरकारे हा क्रम उलटा लावतात, कारण कोटा कापणे एका आदेशाने होते आणि साठा विकण्यासाठी तोटा वहीत दाखवावा लागतो.